विहिरीवरची फळी

दार ओढून घ्या आणि बसा जवळ. ही ऐकीव गोष्ट नाही. आमच्या दिनानाथ मास्तरांनी स्वतः मला सांगितलेली, आणि मास्तर थापा मारणाऱ्यातले नव्हते.

१९८३ साल, कार्तिकातली अवस, रविवार. मास्तर बोईसरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. कवितेतला दडलेला अर्थ काढण्यात पट्टीचे. चहाच्या टपरीवरच्या पाटीतूनसुद्धा विरह काढतील! आठवीतल्या नवसीनं वहीत लिहिलं होतं:

विहिरीवरची फळी मऊ झाली,
पाय तिला रोज विचारतो,
आजचा दिवस धरशील ना?

मास्तर हरखले. फळी म्हणजे आयुष्य, असं त्यांनी वर्गाला समजावलं. नवसी हळूच म्हणाली, "गुरुजी, फळी म्हंजे फळीच हाय. आमी तिच्यावर उभं राहून पाणी काढतो."

वर्ग हसला. मास्तरही हसले. वहीत लाल शाईनं लिहिलं, 'फळी म्हणजे आयुष्य. सूचकता उत्तम.'

सोमवारी नवसीचा बाप सुका घरदार घेऊन वीटभट्टीवर निघणार होता. पोरीला वसतिगृहात ठेवा, तिच्या हातात कला आहे, हे सांगायला मास्तर वही घेऊन डोंगराकडच्या पाड्यावर निघाले. वाटेत सायकल पंक्चर झाली. पोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजले.

पाड्याबाहेर विहीर होती. बॅटरीच्या उजेडात काठावर नवसी उभी. ओलीचिंब.

एवढ्या रात्री पाण्याला कशी आलीस, मास्तरांनी विचारलं.

तिनं वहीकडे हात केला.

मास्तरांनी वही पुढे केली. तिनं उघडली. लाल ओळीवर बोट ठेवलं. सावकाश फिरवलं.

"आता लागला अर्थ, गुरुजी?"

वही परत दिली. वळली. पाऊल वाजलं नाही... पाणीही वाजलं नाही.

मास्तरांनी बॅटरी फिरवली. काठावर कोणी नव्हतं. फळी मधोमध मोडलेली...

धडपडत ते सुकाच्या अंगणात पोचले. माणसं खाली माना घालून बसली होती. सुका म्हणाला, "सकाळी पाण्याला गेली ती गेलीच, गुरुजी. आताच पोचवून आलो."

पोरीनं सरळ मराठीत सांगितलं होतं हो. मास्तरांनी तिला दहापैकी नऊ गुण दिले.

ती वही त्यांनी शेवटपर्यंत जपली. मी हातात घेऊन पाहिलीय. नवसीची निळी अक्षरं जशीच्या तशी आहेत. मास्तरांचा लाल अर्थ तेवढा धुऊन गेलाय... आणि तेवढीच जागा हाताला अजून ओली लागते.