एक्स-रेवाल्या काकांची जागा

दिवा बारीक केला तरी चालेल. गोष्ट माझ्या मावसभावाची आहे, खोटं सांगून मला काय मिळणार?

एका हॉस्पिटलात तो कॉम्प्युटर सांभाळायचा. सगळ्यांच्या फायली एकाच मोठ्या डिस्कवर, आणि कोणी किती जागा वापरायची ते हा ठरवायचा. हात इतका आखडता, की सगळे त्याला कंजूषच म्हणत. एक्स-रेवाले काका तर सदा दारात उभे. त्यांच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती. तो हात मागून याच्या खांद्यावर ठेवून म्हणायचे, "थोडी जागा वाढव रे. जुने फोटो उडवायला मन होत नाही. माणसं आहेत ती."

"काका, उडवा. नियम सगळ्यांना सारखा."

काका वारले. याने त्यांची मर्यादा शून्य केली आणि घरी गेला. घाईत विसरला, की त्या सिस्टिममध्ये शून्य म्हणजे मर्यादाच नाही.

मागच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्री पावणेदोनला फोन आला, डिस्क भरत आलीये. याची बायको त्याच हॉस्पिटलात, वरच्या मजल्यावर. पहाटे तिच्या डोक्याचा स्कॅन, लगेच ऑपरेशन. स्कॅन ठेवायला जागाच नसेल तर डॉक्टर बघणार काय? हा धावत सुटला.

तळघरातली गार खोली. कोणाचं खातं फुगतंय ते त्याने पाहिलं...

काकांचं.

एक्स-रेचं मशीन बंद. त्या खोलीला कुलूप. आणि फोटो येतायत. एकामागून एक. सगळे छातीचे.

हसताय? हसा.

"काका," तो म्हणाला, "आज नको. माझी बायको आहे वर..."

नुसती पंख्यांची घरघर.

त्याने सगळे फोटो उडवले. शून्य चालत नाही, म्हणून सगळ्यात लहान आकडा टाकला. एका फोटोपुरता. लगेच एक आला.

मग थांबलं.

स्कॅन झाला, ऑपरेशनही झालं. वहिनी सुखरूप आहे, परवाच तिच्या हातचा चहा पिऊन आलोय.

पण सकाळी त्याने तो एक फोटो उघडला. तारीख त्याच रात्रीची. छाती... त्याची स्वतःची. अपघातानंतर खांद्यात बसवलेली पट्टी, तिचे स्क्रू, सगळं तेच. त्या रात्री त्याचा एक्स-रे कोणी काढला नव्हता. तो तर तळघरात खुर्चीवर बसून होता.

आणि त्या खांद्यावर कोणाचा तरी हात. नुसती हाडं.

करंगळी नव्हती.