मालक : बळवंत

मोबाईल खाली ठेवा. मधे कोणी खी-खी केलं तर गोष्ट तिथंच बंद. मी शाळा फारशी पाहिली नाही, पण हे खोटं नाही. ज्याच्यावर गुदरलं तो समरजीत आपल्या माधवगंजातलाच, अजून रामराम करतो. एका कानानं बहिरा आहे, ते का, ते ऐका.

इंदरगंजात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. गेल्या खंडेनवमीच्या रात्री किला गेटच्या संग्रामसिंहानं त्याला घरी बोलावलं. डिस्क तपास म्हणाला, एक फोल्डर मिटव म्हणाला, बस.

संग्रामचा थोरला भाऊ बळवंत दीड वर्षामागे जिन्यावरून पडून गेला. वहिनी नीलम म्हणायची, पडला नाही, पाडला. जिन्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बळवंतच्या कॉम्प्युटरात असतं, हे तिला नुकतंच कळलेलं. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की ती तो वकिलाकडे नेणार होती.

समरजीतला यातलं काही ठाऊक नाही. बघतो तर कॉम्प्युटर पूजेत! झेंडूचा हार, शेजारी बळवंतची तलवार. म्यानात. मूठ नि म्यान लाल दोऱ्याच्या गाठीनं बांधलेली.

"काकासाहेब, पूजेतलं हत्यार दसऱ्याआधी उठवायचं?"

"हत्यार कसलं? डब्बा है. चल, बस."

इथंच गाढवपणा केला. बसला.

तपासणी सुरू झाली तशा पडद्यावर ओळीच ओळी.

"हे काय बकतंय?"

"वॉर्निंग आहे. हर फाईलला मालक असतो. कोणी बघायची, कोणी मिटवायची, ठरलेलं असतं. नोंद जुळली नाही की कुरकुरतं. जास्त करून सोडून दिलं तरी चालतं."

"मग सोड. जिन्याचं फोल्डर मिटव."

परवानगी नाही. मालक : बळवंत.

समरजीतनं मालकी संग्रामच्या नावावर केली. झाली. डोळ्यांनी पाहिली. पुन्हा तपासलं.

मालक : बळवंत.

"काकासाहेब... हे आत्ता बदललंय. मी नाही बदललं..."

कोपऱ्यातल्या बिनपात्याच्या कुऱ्हाडीचा दांडा पाठीत बसला. "हरामखोरा! वहिनीनं फितवलं तुला!" दुसरा कानावर. कान फुटला, रक्त कीबोर्डावर उडालं.

"मिटव!"

परवानगी नाही.

संग्रामनं त्याला केसांनी ओढून भिंतीवर आपटलं. स्वतः खुर्चीत बसला. बोट ठेवलं. दाबलं.

दिवे गेले.

जिन्यावर पाऊल वाजलं. मग दुसरं. जड... ओलं...

थांबलं. अगदी खुर्चीमागे.

"दादा...?"

सप्प!

मग ती किंकाळी. गुरासारखी.

दिवे आले. नीलम वरून धावत आली. संग्राम जमिनीवर लोळत होता, मनगटातून चिळकांड्या. हात कीबोर्डावरच, बोट बटणावर. आणि पडद्यावर चित्रण आपोआप चालू... जिना... बळवंत पडलेला... संग्राम दांडा उचलतोय. पुन्हा. पुन्हा.

संग्राम आज तुरुंगात आहे, डाव्या हातानं जेवतो. पोलिसांनी घर उलटंपालटं केलं, हात तोडील असं पातं मिळालं नाही.

तलवार? ती म्यानातच. गाठ नीलमनं बांधली तशीच, वरचं कुंकूसुद्धा हललं नव्हतं.

फक्त म्यानाच्या टोकातून... थेंब...

थेंब...