काचेतली सरळ बाई

खलीलभायची पेटी उचलायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते बापामुळं. खलीलभाय पनवेलचा. लग्नाबारशाचे फोटो काढून पोट भरायचा. त्याच्या बापाचा मचवा आमच्या गावाला, सारसोळ्याला, लागायचा, म्हणून घरोबा. सुट्टी असली की तो आमच्याकडं यायचा आणि फोटो कशाचे काढायचा, तर मिठागरातल्या मोडक्या खोपीचे, बावडीच्या झिजलेल्या पायऱ्यांचे, बोंबील वाळवायच्या रिकाम्या वलांडीचे. गावची माणसं नवे कपडे घालून पुढं उभी राहायची. त्यांना हा हातानं बाजूला सारायचा.

"भाय, त्या खोपीत कुत्रं पन झोपत नाय," मी म्हणायचो. "तिचा फोटो कोनाच्या घरात टांगनार?"

"कोणी बघत नाही ना तिच्याकडं, म्हणूनच," तो म्हणायचा. "उद्या नसेल ती."

मला तो येडा वाटायचा. पण आज माझ्या घरात चार माणसं जेवतात ती त्या येड्यामुळं. आणि आणखी एकीमुळं. तिचं नाव मला माहीत नाही.

साल अठ्ठावन्न. होळी होऊन आठ दिवस झाले होते, म्हणजे भर दुपारी ओहोटी. माझी बायको मैना पोटुशी, सातवा लागलेला, आणि तिला डोहाळे लागले कालवांचे. माझी आय, पुतळाबाई, म्हणाली, "नको जाऊ गं, अंग जड झालंय." तर मीच म्हणालो, "खाडीतल्या पोरीला खाडीचं काय भ्या दाखवतेस? जा गं." तोंड माझं. ती टोपली नि कोयता घेऊन शेजारच्या गोजरावयनीच्या घोळक्याबरोबर गेली. मी खलीलभायची पेटी खांद्यावर मारली आणि बांधावर आलो.

जागा नीट समजून घ्या. आम्ही बांधावर खाडीकडं तोंड करून उभे. डाव्या हाताला करावं गाव. तिकडं खडक आहेत, बायका तिकडंच कालवं फोडतात. उजव्या हाताला दाट तिवरं, तिवरांच्या मागं गाळ, आणि गाळापलीकडं आमचं गाव. त्या गाळात आमच्या शेजाऱ्याची गाय गेली होती. शिंगंसुद्धा दिसली नाहीत. तिकडं कोणी जात नाही.

खलीलभायनं लाकडी तिवई उभी केली, वर भात्याचा कॅमेरा बसवला, मागं काळं फडकं टाकलं. समोर, जरा डावीकडं, मोडकी खोपी. आत डोकं घालून बराच वेळ काहीतरी फिरवत बसला. मग म्हणाला, "हिरामण, बघतोस? ये."

फडक्याखाली शिरलो. कुबट वास, घामाचा नि जुन्या कापडाचा. समोर एक धुरकट काच, आणि काचेत आमची खाडी उलटी टांगलेली. आभाळ खाली, गाळ वर, खोपीचं छप्पर खाली लोंबतंय. डावीकडची खोपी उजवीकडं गेलेली.

"तुजी मशीन बिघडलीय भाय."

"बिघडली नाही. उजेड असाच येतो. काचेत सगळं उलटं. खालचं वर, डावं उजवं. कोणालाच सूट नाही, राजालाही नाही."

"मग डोकं खाली करून बघू काय?"

"सवय होते," तो म्हणाला.

त्यानं प्लेट सरकवली, एक फोटो काढला. तेवढ्यात बांधावरून गोजरावयनी आली. डोक्यावर टोपली, अंगावर सुकलेला चिखल. मला बघून थांबली.

"मैना पोचली ना घरी?"

"तुमच्यासंग व्हती ना?"

"आमच्या आदीच निगाली की. म्हनली पाट दुखतेय, हलूहलू जाते. त्याला लय वेळ झाला रे हिरामन..."

मी खाडीकडं बघितलं. भरती लागली होती. आवाज नसतो तिला. गाळावर नुसती एक चकाकी पुढं सरकते, आणि बारीक बुडबुडे फुटल्यासारखं चुरचुरतं. मी हाका मारल्या. तिवरातून बगळे उठले, बाकी काही नाही. मिठागरावरून ऊन असं डोळ्यात घुसत होतं की लांबचं माणूस काय, झाडसुद्धा दिसेना.

"फडक्याखालून बघ," खलीलभाय म्हणाला. "आत डोळे दिपत नाहीत." त्यानं कॅमेरा तिवरांच्या तोंडाकडं वळवला. मी डोकं घातलं.

तीच उलटी खाडी. वर गाळ, खाली आभाळ, शेंडे खाली केलेली तिवरं. आणि मधोमध एक बाई. सरळ उभी.

सगळं जग उलटं लोंबतंय आणि ही एकटी सुलटी. ओलं लुगडं, काळी बारीक अंगकाठी. तोंड नीट दिसेना. डोकं वर गाळाकडं, पाय खाली आभाळाकडं. एक हात लांब केलेला, डावीकडं. हलत नव्हती.

मी डोकं बाहेर काढलं. समोर गाळ. कोणी नाही. परत आत घातलं. होती.

"भाय... बग रे जरा."

त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. बाहेर येऊन त्यानं समोरच्या रिकाम्या गाळाकडं बघितलं.

"डावीकडं हात करतेय," मी म्हणालो. "कराव्याकडं. खडकावर असंल मैना, बसली असंल दमून." आणि मी धावायला पाय उचलला.

त्यानं माझं मनगट धरलं. "थांब. काचेत डावं, म्हणजे इथं उजवं. ती गाळाकडं दाखवतेय."

"अरे पन ती सरळ हाय ना. मग हात बी सरळच असंल."

"हिरामण, तिचे केस बघितलेस?"

मी परत आत गेलो. केस खांद्यावर नव्हते. डोक्याच्या वर ताठ उभे होते, पदराचं टोकही वर. कोणी वरून धरून ओढल्यासारखे.

"केस कुठं पडतात, खाली का वर?" खलीलभाय कानाशी हळू बोलत होता. "काचेनं तिलाही उलटं केलंय. कोणाला सूट नाही, म्हटलं ना मी. म्हणजे ती खरी... खरी ती डोकं खाली करून..." त्यानं मला फडक्यातून बाहेर ओढलं. "उजवीकडं चल. माझं ऐक."

आयुष्यात मी कोणाचं पटकन ऐकलेलं नाही. बापाचं नाही, मास्तरचं नाही. त्या दिवशी ऐकलं. डावीकडं गेलो असतो तर खडकापर्यंत जाऊन परत यायला पाव तास लागला असता. मैनाजवळ तेवढा नव्हता.

तिवरं ओरबाडत आम्ही पलीकडं निघालो. खलीलभायनं तिवई कॅमेऱ्यासकट खांद्यावर टाकली होती, का ते मला तेव्हा कळलं नाही. गोजरावयनी मागं रडत येत होती.

मैना होती. छातीपर्यंत गाळात, पाणी गळ्याला लागलेलं. पाठ दुखत होती म्हणून बांधाचा वळसा टाळून गाळातून घराकडची जवळची वाट धरली होती बाईनं. टोपली अजून डोक्यावर. ओरडत नव्हती. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "कालवं सांडली नाय मी."

"गप. हलू नको."

"हलत नाय. खाली बी जात नाय."

खलीलभायनं तिवई गाळावर आडवी टाकली, कॅमेरा तसाच टोकाला. काच फुटल्याचा आवाज मी ऐकला. त्यावर मी पोटावर पडून सरकलो. काळं फडकं तिच्या काखेखालून घेतलं, टोकं मागं खलीलभायच्या आणि गोजरावयनीच्या हातात दिली. ओढलं. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा गाळानं एकदम सोडली. बाटलीचं बूच निघावं तशी ती माझ्या अंगावर आली.

कॅमेरा गाळात गेला. तिवईही गेली. खलीलभाय बांधावर बसून कितीतरी वेळ नुसता हात पुसत होता. पुढं तो वीस वर्षं जगला, ईदेला शिरखुर्मा धाडायचा, पण त्या कॅमेऱ्याचा शब्द त्यानं एकदाही काढला नाही. त्याचे उपकार मी फेडले नाहीत. असले उपकार फेडायचे नसतात, अंगावर वागवायचे असतात.

जेठात पोरगी झाली, काशी. बारशाच्या दिवशी पाहुणे गेल्यावर मैना पोरीचे पाय तेलानं चोळत बसली होती. मी म्हटलं, त्या गाळात गाय गेली, तू कशी राहिलीस गं वर?

ती पोरीच्या तळव्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "पायाखाली व्हतं ना."

"काय? दगूड?"

"दगूड गार असतो." पोरीचं दुसरं पाऊल हातात घेऊन म्हणाली, "तळपाय व्हते. माज्या तळपायांना लागून. टाचंला टाच, बोटांना बोटं. मी रुतत चालले नि मग त्यांच्यावर थांबले. तुमी तिसऱ्यांदा वढलं ना, तवा त्यांनी खालून ढकललं."

मी कंदिलाची वात मोठी केली. ती म्हणाली, "भिऊ नका. मी न्हाय भिले."

गावात म्हणतात, हिरामणनं बायको गाळातून उपसली. म्हणू देत. मला खरं माहीत आहे. लोक देवाला हात जोडतात ते वर बघून. मी खाली बघून जोडतो. दरसाल होळीनंतरच्या अष्टमीला त्या जागेवर जातो, नारळ ठेवतो, बाईला म्हणतो, माझं घर तुझ्यामुळं आहे. ती कोण, कधी गेली त्या गाळात, कोणी शोधली का तिला, कोणालाच माहीत नाही. जुन्या लोकांना विचारलं. ते दुसरं काहीतरी बोलायला लागतात.

आता तिथं गाळ नाही. भराव टाकून रस्ता केलाय, वरून गाड्या पळतात. यंदाही गेलो. पहाटेची वेळ, दव पडलेलं. कडेला चपला काढून उभा राहिलो. डांबर बर्फासारखं गार होतं. माझ्या दोन तळव्यांखाली तेवढं गरम.