नळ चावतो

रोनिल, दार लोटून घे. सेरू, प्यायला यंगोनाची करवंटी भर, पण रिवाजाची टाळी वाजवू नको आता. शांत ऐका.

हे माझ्या ओळखीच्या माणसाबरोबर घडलं. अप्पलसामी त्याचं नाव. चाळीस वर्षं त्याने सुवा शहरात वायरमनचं काम केलं. शाळा चौथीपर्यंत, पण त्याचं जोडकाम कधी सुटलं नाही. निदान तो तसं सांगायचा.

गेल्या ऑगस्टची पहिली तारीख, शुक्रवार. सामाबुलातल्या एका तीन मजली भाड्याच्या घरात तो पंखा बसवायला गेला. वरच्या मजल्यावर लावेनिया राहायची. कडावू बेटावरची पोर, कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला. त्याला मामा मानून मोमो म्हणायची. पंखा फिरू लागला तशी ती म्हणाली, "मोमो, न्हाणीघरातला नळपण बघ ना. चावतो."

"चावतो? दात मोजलेस का त्याचे?"

"हस तू. ओल्या हाताने धरला की दंडापर्यंत मुंग्या येतात. मालकाला तीनदा सांगितलं. तो म्हणतो, तुम्हा बेटावरच्यांना गरम पाण्याची सवय नाही."

अप्पलसामी न्हाणीघराकडे वळला.

"मोमो, बूट! माझ्या चटईवरून बूट घालून चाललास? असा कसला माझा मामा तू?"

"नाड्या सोडत बसलो तर इथेच रात्र होईल, पोरी."

बूट जाड रबरी तळव्यांचे. खिशात टेस्टर होता, तोही काढला नाही. माझा हात हाच टेस्टर, अशी त्याची मिजास. त्याने नळ मुठीत धरला. काही नाही.

"दिवसभर मशीनवर बसून मुंग्या तुलाच येतात. नळाला नावं ठेवू नको."

ती हसली. "बरं बाबा. तू म्हणतोस तर ठीक."

रबरी तळव्यातून वीज उतरत नाही. म्हणून झटका लागला नाही. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आणि घरात तर आपण सगळेच अनवाणी असतो.

रविवारी सकाळी ती चर्चला जायचं म्हणून आंघोळीला गेली. इस्त्री केलेला पांढरा झगा खुर्चीवर तसाच राहिला.

जुन्या लोकांनी त्या घरात गिझरच्या अर्थिंगची वायर पाण्याच्या लोखंडी पाइपाला बांधली होती. मालकाने प्लंबर बोलावून पाइप प्लास्टिकचा करून घेतला. वायर बांधलेली दिसायची, पण जमिनीला पोचत नव्हती. गिझर बिघडला आणि वीज नळात आली. ती गेल्यावर चौकशीला आलेल्या साहेबाने अप्पलसामीला विचारलं, "तू तपासलं होतंस?"

"तपासलं होतं. ठीक होतं."

बुटांचं तो बोलला नाही. म्हणून सगळा दोष प्लंबरवर गेला. त्या माणसाचा परवाना गेला.

नोव्हेंबरची दहा तारीख, सोमवार. मालकाचा निरोप आला, सकाळी नवे भाडेकरू येणार, आजच नवी वायर ओढ. अप्पलसामी पोचला तेव्हा रात्रीचे पावणेनऊ झाले होते. खालच्या मजल्यावर कुणी नव्हतं. सगळे कडावूला गेले होते. तिची शंभरावी रात्र होती ती. दुखवटा सोडायची रात्र.

त्याने आधी मेन फ्यूज काढला. खिशात घातला. घर काळं झालं. बॅटरी घेऊन तो न्हाणीघराच्या दाराशी आला.

नळ ठिबकत होता. टाकीचं पाणी तर बंद होतं.

मग मागून...

"मोमो. बूट."

हळू आवाज. रागावलेला नाही. हसतच म्हणाल्यासारखा.

तो वळला नाही. खाली बसला. नाड्या सुटेनात. एक बूट काढला. दुसरा काढला. फरशी ओली होती. गार.

कुणी बोललं नाही. पण काय करायचं ते कळत होतं.

मी हात पुढे केला... नळ धरला.

दंडापर्यंत. खांद्यापर्यंत. दात दातांवर आपटले. मूठ सुटेना. आणि फ्यूज खिशात होता. मांडीला टोचत होता.

सुटली तेव्हा...

काय रे सेरू? 'मी' म्हणालो? म्हणालो असेन. गप्प बस. ऐक.

सुटली तेव्हा कानाशी एवढंच आलं. "चावतो ना?"

तसाच अनवाणी धावत सुटलो. पार घरापर्यंत. बूट तिथेच राहिले.

सकाळी दार उघडलं. पायरीवर बूट. नीट जोडीने, टोकं दाराकडे. दोन्हीत काठोकाठ पाणी.

रोज ओततो. रोज उन्हात ठेवतो. कुणाला सांगितलं नाही. चाळीस वर्षांचं नाव होतं, ते जपलं. आणि तिकडे तो प्लंबर बाजारात दुसऱ्यांच्या दालोच्या कंदांच्या गोण्या उचलतो. मी बघितलंय त्याला. समोरून जाता आलं नाही, रस्ता बदलला.

उद्या सकाळी साहेबाकडे जाणार आहे. बूट घातले होते, एवढंच सांगायचंय. तीन शब्द. तीन महिने निघाले नाहीत. रोनिल, तू बरोबर चल. मी फाटकातून परत फिरलो तर धरून आत ने.

झालं. जा आता. पायरीवरून जपून उतरा, बुटांना पाय लागेल. आठ दिवस पाऊस नाही, आणि संध्याकाळी मी ते माझ्या हाताने पालथे घातलेत.

...काय झालं? का थांबलात दारात?

भरलेत ना?