ओढायची कॅप्सूल

मोहाच्या झाडाखाली एक परका तरुण गुडघ्यांवर बसला होता, आणि दिव्यानीला आधी वाटलं, सकाळी सकाळीच चढवून आलाय हा!

फुलं नीट दिसावीत म्हणून तिनेच खालचा पाला पेटवला होता. धूर रस्त्यावर गेला, आणि मोटरसायकल आडवी टाकून हा खोकत खाली बसला. ती टोपली सोडून धावली. त्याने हातानेच थांबवलं. खिशातून छोटं यंत्र काढलं, त्यात कॅप्सूल बसवली, फिरवली, तोंडाला लावून खोल श्वास ओढला… आणि डोळे मिटून मनात आकडे मोजत राहिला. पापण्या लांब आहेत, हे तिला तेवढ्या घाईतही दिसलं.

"का जी, हे काय करून राह्यले?" ती हसली. "हे तर गिळाचं औषध. माही माय दोन महिन्यांपासून गिळते. आंबिलीसंगं!"

त्याचा श्वास पुन्हा अडकला, पण या वेळी धुराने नाही.

"गिळते? अन् हे यंत्र?"

"ते फडक्यात बांधून ठेवलं हाय. दवाखान्याची वस्तू, हरवली तर परत मागतीन ना."

"बाई…" तो हळूच म्हणाला, "हे ओढाचं असते. छातीत जाते. गिळून काईच फायदा नाई."

दिव्यानीचं हसू विरलं. दोन महिने! आई बसल्या बसल्या झोपायची, तीन शब्द बोलली की थांबायची, आणि बी.ए. झालेली लेक कॅप्सूल मोजून हातावर ठेवायची.

"आम्हाले कोणी दाखवलंच नाई," ती एकदम उसळली. "खिडकीतून पाकीट सरकवलं, वर सगळं इंग्रजी. समजावणारा मराठीत भरभर बोलला, अन् माह्या मायले खरी समजते ते गोंडी!"

तो चार दिवसांपूर्वीच गावच्या उपकेंद्रात आलेला आरोग्य अधिकारी होता. राजदीप. ऊर्जानगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलेला.

"मले लहानपणापासून दमा," तो मान खाली घालून म्हणाला. "घरापासून पाच मिनिटांवर दवाखाना. नर्सबाईनं दहादा शिकवलं. अन् तुमच्या मायले एकदाबी नाई…" मग कपडे झटकून उठला. "चला. कुठी हाय घर?"

दिव्यानीच्या आईने, रुखमाबाईने, आधी दोघांनाही झापलं. मग यंत्र तोंडाला लावलं. राजदीप करून दाखवायचा, दिव्यानी गोंडीत सांगायची. तिसऱ्या खेपेला जमलं. गावात कॅप्सूल गिळणारे आणखी चौघं निघाले. मग दर बाजाराच्या दिवशी उपकेंद्राच्या ओट्यावर दोघं शेजारी बसू लागले. तो श्वास शिकवायचा, ती शब्द द्यायची.

"तुम्ही गोंड असून गोंडी येत नाई?" एकदा तिने विचारलं.

"बाबांनी घरात बोलूच दिली नाई. कॉलनीतले हसत होते. तुम्ही शिकवान?"

"फी लागन."

"काय?"

"धूर दिसला का गाडी लांबून न्याची."

"त्यापेक्षा तुम्हीच पाला जाळू नका ना! मी लुगडी अंथरून देतो खाली."

तिला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला. दुसऱ्या दिवशी उजाडताना पाहते तर हा जुनी लुगडी घेऊन झाडाखाली हजर, एका पदराशी झटापट करत! ती पोट धरून हसली. फुलं टपटप पडत राहिली, दोघांच्या केसांवरही…

एकच गोष्ट ती विचारत नव्हती. किती देवांचे तुम्ही?

गोंडांत घराणी देवांच्या संख्येवरून ओळखतात, सारख्या देवांची ती भावकी. तिचं घराणं सात देवांचं. त्याचंही सातच निघालं तर दोघं भाऊबहीण, लग्नाचं नावही काढायचं नाही. आडनावावरून नक्की सांगता येत नव्हतं, त्याचं आडनाव लावणारे काही सहावाले, काही सातवाले. विचारलं की कळणार, म्हणून ती गप्प होती.

एका सकाळी रुखमाबाई स्वतः टोपली घेऊन मोहापर्यंत चालत आली. कुठे न टेकता! दिव्यानी धसकून तिच्या छातीकडे बघत राहिली. पण आई कमरेवर हात ठेवून राजदीपसमोर उभी राहिली.

"का जी डॉक्टर, तुमचे देव किती, घरी कोण कोण हाय, अन् तुम्ही मोहासाठी येऊन राह्यले का माह्या पोरीसाठी, ते एकदाचं सांगून टाका!"

सगळं एका दमात. दिव्यानीला आनंदाने रडू आलं, आणि भीतीने हातातली फुलं सांडली.

राजदीपचे कान लाल झाले. "देव… बाबांले विचारले मी. मागच्या हप्त्यात."

"काऊन?" दिव्यानीचा आवाज जेमतेम निघाला.

"तुम्ही विचारत नव्हत्या. मलेच धीर नाई राह्यला."

"अन्?"

"सहा."

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो तसाच उभा होता, हातात लुगड्याचं टोक धरून.

"मग हप्ताभर सांगितलं काऊन नाई?"

"बाकीचं गोंडीत सांगाचं होतं… वाक्य जमूनच नाई राह्यलं."

रुखमाबाई टोपली उचलून हसत पलीकडच्या झाडाकडे निघाली.

"मराठीत सांगा," दिव्यानी म्हणाली. "मले समजते."

आणि त्याने सांगितलं.