चौथ्या मजल्यावरची ती

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध थांबली, आणि तिला पहिल्यांदा दिसले ते त्याचे बूट. जाळीच्या दरवाज्यातून वरच्या मजल्याची फरशी बरोबर तिच्या कपाळाच्या रेषेत आली होती, आणि त्या फरशीवर ते उभे होते — तपकिरी, धुळीने माखलेले, डाव्याची लेस सुटलेली.

"आत कुणी आहे का?" बुटांनी विचारलं.

"नाही. लिफ्ट स्वतःशीच बोलतेय."

"मग घाई नाही." बूट वळले.

"अहो! आहे... मी आहे. साडेचारला माझा वर्ग असतो."

बूट परत आले. मग गुडघे आले, मग पान्हा धरलेला हात, आणि शेवटी एक वाकडा झालेला हसरा चेहरा. "मला तुमचा नुसता भांग दिसतोय, मॅडम. सरळ आहे."

"मला तुमची लेस दिसतेय. पडाल."

काम सात मिनिटांचं होतं. त्याने त्याला वीस मिनिटं लावली.

"कसला वर्ग?"

"गोष्टी लिहायचा."

"ते शिकवावं लागतं? आपोआप नाही सुचत?"

"लिफ्ट आपोआप चालते का?"

"चालते की. अधूनमधून थांबते, म्हणून मला पगार मिळतो."

पुढच्या शनिवारी साडेचारला वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, कोरी वही घेऊन, तो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला होता. लेस बांधलेली होती.

वर्ग घेणाऱ्या बाई पस्तीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. सहा जण शिकायला येत. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते. ते प्रत्येक गोष्टीत पहिल्याच पानावर खून करत, आणि तोही अजिबात न दुखवता. बाकीच्या तिघी पंख्याखाली बसायला येत असाव्यात. आणि ती स्वतः एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. दिवसभर लोकांच्या चुका शोधून संध्याकाळी ती घरी जाई, तेव्हा वहिनी तिच्या चुका शोधायला दारात उभी असे.

"वर्ग सहाला सुटतो. बसस्टॉप चार मिनिटांवर," वहिनीने तिसऱ्या महिन्यात हिशेब मांडला. "तू येतेस आठला. मधल्या दोन तासांत कोणकोण पात्रं असतात?"

"बस मिळत नाही, वहिनी."

"खरंय गं बाई. दर शनिवारी बसच मिळत नाही. आणि चेहरा असा, की जणू विमान मिळालंय."

असं सगळं बरं चाललं होतं. दोघं बसस्टॉपवर उभी राहत, बस येई, दोघं तिच्याकडे परक्यासारखं बघत, बस जाई. एकदा बारीक पाऊस होता आणि छत्री एकच — तिचा उजवा खांदा भिजला आणि त्याचा डावा, आणि छत्री कुणी धरायची यावरून दोन बसेस सुटल्या.

मग एका शनिवारी त्याने आपली पहिली गोष्ट वाचली.

गोष्ट 'मी'ने सांगितलेली होती. हा 'मी' लिफ्ट दुरुस्त करायचा. दर शनिवारी तीन वाजता तो एका इमारतीत जाई, कारण तिथली लिफ्ट दर शनिवारी बिघडे, कारण तिचा एक स्क्रू तो आदल्या शनिवारी मुद्दाम ढिला करून आलेला असे. चौथ्या मजल्यावर एक शिवणकामवाली होती. तिच्या मानेवर कानाखाली तीळ होता. ती त्याला चहा द्यायची. कप हातात घेताना त्याच्या छातीत धडधड व्हायची. पण सव्वाचार झाले की तो लाजून उठायचा, अर्धा चहा तसाच टाकून, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरत, शीळ घालत...

"स्क्रू नक्की कुणाचा ढिला?" डॉक्टरांनी विचारलं. सगळे हसले. ती हसली नाही. ती तिळाचा विचार करत होती.

आता, तिला सगळं माहीत होतं. गोष्टीतला 'मी' म्हणजे लेखक नव्हे. तो लेखकाने गोष्ट सांगायला नेमलेला माणूस, हे बाईंनी दुसऱ्याच शनिवारी फळ्यावर लिहिलं होतं. या विषयावरचं एक पाठ्यपुस्तक तर तिने स्वतः तपासलं होतं, दोनदा. डॉक्टर खुनी नाहीत, हेही तिला मान्य होतं. फक्त हा नियम लिफ्टवाल्यांना लागू होतो, यावर तिचा विश्वास बसेना.

"छान झालीय," बसस्टॉपवर ती म्हणाली.

"खरंच?"

"हो. तीळ विशेष छान. जवळून बघितलेला वाटतो." आणि समोर आलेल्या पहिल्याच बसमध्ये ती चढली. ती बस भलतीकडे जाणारी होती.

घरी वहिनीने सगळं ऐकून घेतलं. "कागदावरच्या बाईवर जळणारी तूच पहिली बघितली मी."

"मी जळत नाहीये."

"मग वास कसला येतोय?"

पुढच्या शनिवारी बाईंनी सहा गोष्टींच्या चिठ्ठ्या केल्या. ज्याला जी येईल, ती त्याने दुसऱ्या पात्राच्या नजरेतून लिहायची. तिला कुणाची आली, ते सांगायलाच नको.

तिने वर्गातच बसून शिवणकामवाली लिहून काढली. तिला तिरळेपणा दिला. गिऱ्हाइकांचं कापड मारण्याची सवय दिली. चहात साखर घातली नाही. तीळ होता तिथे चामखीळ आली.

बाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "अगं, यात शिवणकामवाली कुठाय? मला तर खिडकीबाहेर उभं राहून दगड मारणारी कुणीतरी दिसतेय."

"मला ती नाही आवडत, बाई."

"नाही आवडली तर नाही. नुसती तिच्या खुर्चीत जाऊन बस. तिथून जे दिसेल ते लिही. गोष्टीत घडलंय ते मात्र बदलायचं नाही."

रविवारी दुपारी ती वहिनीच्या शिलाई मशीनसमोर, खरोखरच खुर्चीत जाऊन बसली. मांडीवर त्याची पानं. मशीनपासून दार कसं दिसतं? दारात माणूस कसा दिसतो? हा आत आला. हा बसला. याने कप घेतला. हा घड्याळ बघतोय. पुन्हा बघतोय. सव्वाचार — उठला.

लाजून? असं 'मी' म्हणतो. पण या खुर्चीतून तसं दिसत नव्हतं. लाजलेला माणूस दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरतो? आणि शीळ?

या माणसाला माझ्याकडून जायची घाई नाहीये, शिवणकामवालीच्या मनात आलं. याला कुठेतरी पोचायची घाई आहे. साडेचारला.

तिचा हात थांबला. बराच वेळ मशीनची सुई आणि ती एकमेकींकडे बघत राहिल्या. खरं असेल? की हा आपला नुसता हावरटपणा? वर्गात वाचलं आणि तो सहज म्हणाला, "छे, तसं काही नाही," तर पुन्हा त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं तोंड उरणार नव्हतं. वर्ग तर सुटेलच, शनिवारही जातील.

तरीही तिने वाचलं. शेवट असा होता: "...कुणाला तरी भेटायला हा माझा चहा अर्धा टाकून जातो. ती कोण, मला माहीत नाही. पण माझा तिच्यावर फार राग आहे."

बाई त्याच्याकडे वळल्या. "काय रे, हे होतं तुझ्या गोष्टीत?"

त्याने आपलीच पानं उलटली. पुढे, मागे, पुन्हा पुढे. कान लाल झाले. "होतं, बाई. मीच लिहिलंय. पण... मला दिसलं नव्हतं."

"सांगणाऱ्याला सगळं कळतंच असं नाही," बाई म्हणाल्या.

"पेशंटला तरी कुठे कळतं, नक्की कुठला दात दुखतोय," डॉक्टरांनी मान डोलावली.

"पुढच्या वेळी," बाईंनी घाईने पुस्तकं आवरली, "आजचाच वर्ग लिहून आणायचा. ज्याने त्याने आपापल्या नजरेतून."

बसस्टॉपवर ती दोघं एकमेकांपासून हातभर लांब उभी राहिली.

"ती आहे खरी?" तिने रस्त्याकडे बघत विचारलं.

"आहे. चौथा मजला खरा, चहा खरा."

"आणि तीळ?"

"तीळ मी लावला. हिरॉइन म्हटल्यावर काहीतरी हवं ना."

"धडधड?"

"ती खरी. पण... तिथली नाही. दुसरीकडून नेली होती."

"आणि घाई?"

"घाई माझी," तो म्हणाला. "अगदी पहिल्या शनिवारपासून."

"कुणासाठी?"

आणि बस आली. तीन महिन्यांत कधी नव्हे ते कंडक्टरने खाली उतरून विचारलं, "दर शनिवारी नुसतंच बघता, आज तरी चढणार का?" त्याच्या तोंडातलं तोंडातच राहिलं. ती चढली.

तो आठवडा तिने कसा काढला, ते वहिनीला विचारा. भाजीत दोनदा मीठ पडलं आणि एकदा पडलंच नाही.

शनिवारी ती चार पानं लिहून आली होती. त्याने वही तिच्यापुढे सरकवली. पानावर फक्त दोन वाक्यं होती. 'वर्ग साडेचार ते सहा भरला. मी पूर्ण वेळ तिच्याकडे बघत होतो, त्यामुळे आणखी काय झालं ते मला सांगता येणार नाही.'

तिने वाचलं. कानशिलं तापली. मग तिने उठून वर्गावर एक नजर फिरवली — पंख्याखाली तिघी बसल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीने आज नवे डूल घातले होते.

"'ती' म्हणजे कोण?" तिने दबक्या आवाजात विचारलं. "वर्गात बायका चार आहेत. बाई धरून पाच."

"जी आत्ता कंबरेवर हात ठेवून विचारतेय ना," तो म्हणाला, "ती."