बिनचुलीची पाकस्पर्धा

"टाक फासा! राक्षसांची राणी भुकेनं दात खातेय!" ठिणगी टेबलावर मूठ आपटून गरजली.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत सुट्टीतला खेळ ऐन रंगात आला होता. टेबलावर हाताने काढलेला एक नकाशा आणि मूठभर फासे होते. बाकी सारे राज्य ठिणगीच्या जिभेवर वसलेले होते. ती या खेळाची सूत्रधार. खेळाडूने आपले पात्र काय करते ते सांगायचे, फासा टाकायचा आणि पुढे काय घडले ते सूत्रधाराने सांगायचे, अशी खेळाची रीत होती. आज राणीच्या दरबारात पाककलेची स्पर्धा होती. जिंकणाऱ्यासाठी राणी बंदिवान ड्रॅगनला मुक्त करणार होती!

"माझा बुटका आचारी भोपळा ज्वालामुखीवर भाजतो," शंकासुर म्हणाला. वर्गातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका काढत असल्यामुळे हे नाव त्याला चिकटले होते. "आच वाढवतो! अजून वाढवतो!"

"आणि माझी चेटकीण चूल पेटवतच नाही!" ठिणगीची धाकटी मामेबहीण पिटुकली किंचाळली. "चंद्रफुलांचं गारेगार सूप!" तिने फासा फेकला आणि सहाचा आकडा पडला.

"शाबास! सूप निळंशार झालंय. वर बर्फाच्या पाकळ्या तरंगताहेत. वास पहाटेच्या बागेसारखा..."

"बागेसारखा?" शंकासुराने नाक मुरडले. "मला तर करपल्याचा येतोय."

"तुझं नाक तुझ्या आचाऱ्यासारखंच बुटकं आहे!"

"नाही गं ताई, मलाही येतोय," पिटुकली कौतुकाने म्हणाली. "किती छान सांगतेस तू! अगदी खरा वास!"

ठिणगीनेही हवेत नाक फिरवले. सूत्रधाराने उच्चारले नाही ते खेळात घडलेच नाही, हा तिचा कडक नियम होता.

"करपलं असं मी म्हटलेलंच नाही," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे हा वास खेळातला नाही!"

तेवढ्यात दार धाडकन उघडले. वाचनालयाचे व्यवस्थापककाका लालबुंद होऊन उभे होते.

"आच वाढवा, भाजा, तळा! बाहेर सगळं ऐकू येतं मला! कुठे लपवलाय स्टोव्ह?"

"काका, हे खोटंखोटं शिजवणं आहे."

"खोट्याचा खरा वास येतो होय? तुझं नावच ठिणगी, तू आग लावणारच! उद्या वाचनालयाच्या अध्यक्षबाई येताहेत. त्यांच्यासमोर माफी लिहून द्यायची. नाहीतर ही खोली तुम्हांला कायमची बंद!"

"स्टोव्हच नाही, तर माफी कशाची?"

"उलट बोलतेस?"

"सरळच बोलतेय, काका. तुम्ही उलटं ऐकताय!"

काका पाय आपटत निघून गेले. शंकासुर कुजबुजला, "लिहून टाक ना. एका ओळीनं काय बिघडतं? खोली तरी वाचेल."

 ठिणगीच्या घरी पाय पसरायला जागा नव्हती. हे राज्य तिने सुट्टीभर खपून याच खोलीत उभारले होते. खोली गेली तर राज्यही गेले. तरीही तिने मान ताठ केली.

"जे केलंच नाही, ते केलं म्हणून सही करू? मग मी खोटारडी ठरेन आणि वास मात्र तसाच राहील! चला, नाकं कामाला लावा!"

तिघेही भिंतीला नाक लावून सरकू लागले. पुस्तकांच्या कपाटामागे वास सर्वांत उग्र होता. पिटुकलीने भिंतीला तळवा टेकवला आणि झटकन मागे घेतला. "अगं बाई! ही तर कढत आहे!"

भिंतीपलीकडे व्यवस्थापककाकांची खोली होती. तिघांनी धावत जाऊन त्यांना सांगितले.

"उन्हानं तापली असेल!" काका डबा खाता खाता खेकसले.

"आतली भिंत उन्हानं कशी तापेल?" शंकासुराने आपला बाणा सोडला नाही.

"निघा!"

बाहेर येताच पिटुकलीने ठिणगीचा हात ओढला. "ताई, काकूंनी सकाळी भरलेल्या डब्यातून आत्ता दुपारी वाफा कशा येतात गं?"

तिघांनीही वळून काकांच्या दाराकडे पाहिले. काकांच्याच सहीची पाटी तिथे दिमाखात लटकत होती: 'येथे काहीही गरम करण्यास सक्त मनाई आहे.'

दुसऱ्या दिवशी अध्यक्षबाई आल्या. त्यांच्यापुढे भलेभले चळचळा कापत. काकांनी कोरा कागद पुढे सरकवला.

"मी लिहिणार नाही," ठिणगी म्हणाली. तिने कागद परत सरकवला. "बाई, तुम्ही दोघं आमच्या स्पर्धेचे परीक्षक व्हा. आधी खोलीची झडती घ्या, आमच्या पिशव्या उलट्या करा. शिजवणं कसं चालतं ते डोळ्यांनी बघा आणि मग मला खोटं ठरवा."

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून तिला निरखले. "वाजवी बोलतेस. बसा हो, व्यवस्थापक!"

"माझी जेवणाची वेळ झालीय," काका पुटपुटले. ते आपल्या खोलीत जाऊन लगेच परतले. "लवकर आटपा!"

तिघांची नजरानजर झाली. झडती झाली, पिशव्यांतून पेन्सिली आणि अर्धा खाल्लेला पेरू एवढेच निघाले. मग ठिणगीने आपली सगळी कला पणाला लावली. राणीचे ढोल वाजले, भोपळा ज्वालामुखीवर फुलू लागला आणि काका नकळत पुढे सरकले.

"मीठ घातलंस का रे?"

"मीठ? विसरलो की!"

"बिनमिठाचा भोपळा? एक गुणसुद्धा मिळायचा नाही!"

"अहो, आधी चव तर घ्या," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"चव कसली घ्यायची बाई, वरून जळालाय तो! आच कमी कर रे, आच!" काका तहानभूक विसरले, आणि डबाही!

अचानक तोच वास पसरला. काकांनी टुणकन उडी मारली. "आला! बघा बाई, आला वास!"

"मग स्टोव्ह दाखवा ना, काका," ठिणगी शांतपणे म्हणाली.

अध्यक्षबाई उठल्या. वासाचा माग काढत त्या बाहेर पडल्या आणि थेट त्या मनाईच्या पाटीसमोर थांबल्या. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा, माझा डबा!"

दार उघडताच धुराचा लोट अंगावर आला. पडद्यामागे, त्याच कढत भिंतीला टेकलेल्या विजेच्या शेगडीवर डबा कोळसा होत होता. पंखा, किटली, शेगडी असं सगळं एकाच प्लग-बोर्डात कोंबलेलं. वायर वितळून शेजारच्या रद्दीने पेट घेतला होता. शंकासुराने पाण्याची बाटली उचलली.

"पाणी नको! वीज चालू आहे!" ठिणगी ओरडली. ती पडवीत धावली, स्टुलावर चढली आणि तिने मेन स्विच खाड्कन खाली ओढला. अध्यक्षबाईंनी भिंतीवरचे आग विझवायचे नळकांडे उतरवले, पदर खोचला आणि पांढऱ्या फवाऱ्याखाली ती आग जागच्या जागी गारद केली.

अंगणात सगळे खोकत उभे राहिले. काकांची मान वर होईना.

"चुकलो, पोरांनो," ते म्हणाले. "भिंत तापल्याचं तुम्ही सांगितलंत आणि मी हाकलून दिलं. शेगडी माझी, आळ मात्र तुमच्यावर घातला."

"खोली मुलांचीच राहील," अध्यक्षबाईंनी हुकूम सोडला. "आधी सगळ्या तारा बदलून घ्या, मग कुलूप उघडा." त्यांनी ठिणगीच्या पाठीवर हात ठेवला. "काल तू मुकाट्यानं सही केली असतीस, तर वासाचं कारण सापडलं असं समजून आम्ही सगळे स्वस्थ बसलो असतो. मग एक दिवस सगळी पुस्तकं जळून खाक झाली असती. तुझ्या हट्टानं वाचनालय वाचवलं, पोरी! आणि तुम्हां दोघांचीही नाकं लाख मोलाची!"

पिटुकलीने ताबडतोब आपले नाक उंच केले.

काका घुटमळले. "मला एखादं पात्र द्याल का गं? अगदी छोटंसं?"

ठिणगीने शंकासुराकडे पाहिले, पिटुकलीकडे पाहिले आणि कमरेवर हात ठेवले.

"देऊ की! पण काका, चुलीजवळ फिरकायचं नाही!"